वासाचा रकाना

मंगळवार, २४ फेब्रुवारी

मला वास येत नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही, आणि लिहायला हवं होतं.

आज बाविसावा दिवस. २ तारखेला लक्षात आलं. सोमवार होता. आईने बाबांचे सगळे कपडे एकदम धुवायला काढले होते, कामावरचा लोकरी स्वेटरसुद्धा. घरभर दोऱ्या बांधल्या होत्या. दिवसभर ओल्या कपड्यांखालून वाकून ये-जा केली, त्यानेच सर्दी झाली असावी. मात्र नाक वाहत नाही, शिंकाही नाहीत.

माझं काम असं: पहाटे बोटी धक्क्याला लागतात, मासळीच्या पेट्या लिलावाच्या शेडमध्ये येतात, आणि लिलाव सुरू व्हायच्या आत प्रत्येक बोटीच्या मालातल्या चार पेट्या मी तपासते. फॉर्मवर चार रकाने असतात. डोळे, कल्ले, अंग, वास. प्रत्येकाला दहापैकी गुण. पहिल्या तिघांना माझे डोळे आणि बोटं पुरतात. पण वासात सहाच्या खाली गेलं की बाकी काहीही असो, पेटीवर निळा रंग ओततात, म्हणजे ती कोणाला विकता येत नाही. सगळं या शेवटच्या रकान्यावर असतं.

तो रकाना मी बावीस दिवस भरते आहे. कसा, तेही लिहिते. माझ्याबरोबर काम करणारे सुरीकाका पेटी उघडतात, सुरीच्या टोकाने कल्ला वर करतात आणि आधी स्वतः हुंगतात. चाळीस वर्षांची सवय. मी त्यांच्या तोंडाकडे बघते. तोंड हललं नाही तर नऊ. नाकपुडी हलली तर सात. ओठ मुडपले तर पाच, आणि निळा रंग.

आजपर्यंत चूक झालेली नाही. म्हणजे कोणी तक्रार केलेली नाही. या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला कळतं.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

कामावरून परस्पर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कपाळावरचा दिवा लावून बराच वेळ आत बघितलं.

“नाकात काहीच दोष दिसत नाही. ताप येऊन गेला का?”

“नाही.”

“घरात काही झालंय का एवढ्यात?”

“नाही,” म्हटलं.

जिना उतरून बसथांब्यावर आल्यावर आठवलं, की बाबांना जाऊन उद्या सात आठवडे होतील. परत वर जाऊन सांगावं का, असा विचार केला. पण पुढचा पेशंट आत गेला होता. आणि त्यांनी विचारलं असतं, मग आधी नाही का म्हणालात. बस आली, बसले.

सोमवार, २ मार्च

भिंगरी आली होती. तिचं हे नाव शाळेतलं. एका जागी पाच मिनिटं बसली तर बाई विचारायच्या, बरं नाही का. माझं नाव तिनेच ठेवलं, मोजपट्टी. मी दहाव्या वर्षी पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा तिच्या शेजारची जागा रिकामी होती, कारण तिच्या शेजारी कोणी टिकत नसे. मी टिकले.

२१ तारखेला तिचं लग्न आहे, एका दंतवैद्याशी. आदल्या संध्याकाळी तिच्या मावशीच्या खाणावळीत चाळीस माणसांचं मासळीचं जेवण आहे.

“मासळी तू निवडायची,” ती म्हणाली.

“मावशींचा आचारी निवडेल की.”

“तो मसाला घालून जुना जोडासुद्धा वाढेल. मला तुझं नाक पाहिजे.”

“दंतवैद्याला सांग.”

“त्याला दिवसभर लवंगेच्या तेलाशिवाय दुसरा वास माहीत नाही. मोजपट्टे, भाव खाऊ नकोस हं. तू हो म्हटलंस तर मी निवांत जेवेन, नाहीतर माझ्याच लग्नात मी ताटाकडे संशयाने बघत बसेन.”

“बरं,” म्हटलं.

सांगायची जागा ही होती. ‘बरं’ म्हणायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सांगून झालं असतं.

बाबांचं लिहिते. दहा वर्षांची होईपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवलं. ते मासळीचे खरेदीदार. पहाटेचं काम उरकून दहाला घरी यायचे, हात साबणाने दोनदा धुवायचे, मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची शाळा भरायची. मुळाक्षरांच्याही आधी त्यांनी मला पाटीवर दोन शब्द गिरवायला लावले: माहीत नाही. चुकलं तर ते रागावत नसत. अंदाजाने ठोकून दिलं, की मात्र पाटी पुसून हातात द्यायचे, आणि मी मुकाट्याने ते दोन शब्द लिहायचे. आठवड्यातून एकदा डोळ्यांवर पंचा बांधून नाकाखाली वाट्या धरायचे. लिंबाची साल. भिजलेला पुठ्ठा. आजचा मासा. कालचा मासा. परवाचा. मला एकही वाटी चुकत नसे, आणि त्याचा त्यांना इतका आनंद व्हायचा, की ते आईला हाक मारून पुन्हा पहिल्यापासून सगळं करून दाखवायला लावायचे.

हे लिहिताना काही वाटेल असं वाटलं होतं.

शनिवार, ७ मार्च

सुरीकाकांचं तोंड हल्ली फारच बोलकं झालंय. पूर्वी नाकपुडी जेमतेम हलायची, मला डोळे ताणून बघावं लागायचं. आता पेटी बरी असली तर भुवया उंच करून मान डोलावतात. आज एका पेटीवर डोळे घट्ट मिटले, जीभ बाहेर काढली आणि “ऊं हूं हूं” असा आवाज केला. शेजारचे हमाल हसायला लागले. वय झालं, की माणसाचा चेहऱ्यावर ताबा राहत नसेल. माझं मात्र काम सोपं झालंय, आणि ते सोपं झाल्याबद्दल मला बरं वाटलं, याची लाज वाटायला हवी.

मॅडम, म्हणजे आमच्या तपासणी विभागाच्या प्रमुख, सगळ्यांसमोर म्हणाल्या, की फॉर्म कसा भरावा ते हिच्याकडून शिका. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

बुधवार, ११ मार्च

भिंगरी अत्तराच्या दोन बाटल्या घेऊन आली. लग्नात कुठलं लावू, तू सांग, म्हणाली. पहिली एका मनगटावर लावली, दुसरी दुसऱ्या मनगटावर. मी दोन्ही मनगटं हुंगली, मधे थोडं थांबले, जशी पूर्वी थांबायचे.

“दुसरं,” म्हटलं. “फुलांचं आहे.”

तिने दोन्ही हात मागे घेतले. मग म्हणाली, “हो. फुलांचं.” आणि लगेच निघाली. चहासुद्धा घेतला नाही.

जाताना दुसरी बाटली टेबलावरच विसरली. बघते तर तिचं सील फोडलेलंच नव्हतं. लग्नाच्या गडबडीत ती इतकी वेंधळी झालीय, की बंद बाटलीच मनगटावर घासली. नशीब माझं. तिच्या लक्षात आलं असतं तर ती तिथल्या तिथे बोलली असती. भिंगरीच्या पोटात काही राहत नाही.

मंगळवार, १७ मार्च

सकाळी शेडच्या टोकाला भिंगरी सुरीकाकांशी बोलत उभी होती. मला बघून दोघंही गप्प झाली. त्यांना लग्नाचं आमंत्रण द्यायला आली असेल. एवढं हळू बोलायचं कारण कळलं नाही. काका मोठ्याने बोलणारे आहेत.

घरी दूध करपलं. मी स्वयंपाकघरातच बसून मोजे रफू करत होते.

“अग, घरभर वास सुटलाय! नाक कुठे ठेवलंस?” आई बाहेरून धावत आली.

“लक्ष नव्हतं.”

तिने पातेलं सिंकमध्ये ठेवलं, नळ सोडला, आणि पाठमोरी म्हणाली, “तुझं नाही, माझंही नाही. या घरात हल्ली कोणाचंच लक्ष नसतं.” मग पातेलं घासत बसली. ते पंधरा मिनिटांतच निघालं होतं, ती तासभर घासत होती.

शुक्रवार, २० मार्च, दुपारी

मासळी घेऊन झाली. सुरीकाकांची आज सुट्टी, म्हणजे बघायला तोंड नव्हतं. भिंगरी बरोबर होती आणि अखंड बडबडत होती.

जे डोळ्यांनी आणि बोटांनी कळतं तेवढंच घ्यायचं, असं मी रात्रीच ठरवलं होतं. खेकडे जिवंत, नांग्या बांधलेले, उचलल्यावर पाय हलवणारे. कोळंबी ताठ, डोकं घट्ट बसलेलं. सहा मोठे मासे, कल्ले लाल, बोट दाबलं की खड्डा लगेच भरून येणारे. कालवं घेतलीच नाहीत. शिंपल्यांच्या तीन पिशव्या घेतल्या. शिंपली मेली की उघडी पडते, म्हणून प्रत्येक पिशवी फळीवर ओतून एकेक बघितली. उघड्या होत्या त्या काढल्या. राहिल्या त्या सगळ्या घट्ट बंद.

“संपलं का ग? किती बघशील? मुलगा बघतानासुद्धा मी एवढं बघितलं नव्हतं,” भिंगरी म्हणाली.

“संपलं.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने हा प्रश्न दोनदा विचारला. तिचा स्वभाव नाही तसा.

आता चार वाजलेत. सातला जायचंय. तिसऱ्या पिशवीचं काहीतरी राहिलं असं सारखं वाटतंय, पण काय ते आठवत नाही.

शनिवार, २१ मार्च, सकाळी

कालचं सगळं लिहायचं आहे. लग्न अकराला आहे, वेळ आहे.

खाणावळीत टेबलं एकाला एक जोडून लांब रांग केली होती, वर पांढरा कागद अंथरला होता, म्हणजे कवचं तिथेच टाकता येतील. मला भिंगरीच्या डाव्या हाताला बसवलं. समोर दंतवैद्य. तो उभा राहून सगळ्यांना बजावत होता, की खेकड्याची नांगी दातांनी फोडू नका, अडकित्ते ठेवलेत. पाच मिनिटांनी बघितलं तर स्वतःच दातांनी फोडत होता. त्याची आई म्हणाली, “उद्या याला कोण तपासणार?” सगळे हसले. मीही हसले, थोडी उशिरा.

मग शिंपल्या आल्या. वाफाळत्या, सगळ्या उघडलेल्या, मोठ्या वाडग्यांतून. लोकांनी आ वासला. मी वाडगे मोजले. तीन पिशव्यांचे पंधरा तरी व्हायला हवेत. दहा होते. मी पुन्हा मोजले, मग टेबलाच्या त्या टोकाला जाऊन पुन्हा मोजले, आणि स्वयंपाकघरात गेले.

“एक पिशवी राहिली का?” आचाऱ्याला विचारलं.

“मला काय विचारता? यांना विचारा.” त्याने झाऱ्याने मागच्या दाराकडे दाखवलं.

मागच्या पायरीवर सुरीकाका बसले होते, कमरेला आचाऱ्याचा अॅप्रन, मांडीवर बांगड्याची ताटली. त्यांच्याजवळ एक बादली होती, तिच्यावर झाकण.

“चिखल होता ग आत,” ते म्हणाले. “सगळ्यांत नाही. बारा-तेरा असतील. पण एक जरी पातेल्यात उघडली असती तरी आख्खा घाणा गेला असता.”

“मी एकेक बघितली होती. सगळ्या बंद होत्या.”

“मेलेलीत चिखल भरला की ती बंदच राहते. बघून नाही कळत. वासाने कळतं, नाहीतर आवाजाने. दोन घेऊन एकीवर एक वाजवायची, मेलेली बद्द वाजते. तुझ्या बाबांनी शिकवलं नाही तुला?”

“शिकवलं होतं.”

वाजवायचं राहिलं होतं. ते काय राहिलं, ते आत्ता कळलं. पूर्वी वाजवायची कधी वेळच आली नव्हती, पिशवी उघडली की कळायचं.

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?” मी विचारलं.

“तिसऱ्या दिवसापासून. कुजक्या बांगड्यांची पेटी तुझ्या नाकाखाली धरली, तर तू माझ्याकडे बघून हसलीस.”

“मग बोलला का नाहीत?”

“म्हटलं, सांगेल. आपण थांबू. थांबता थांबता दीड महिना झाला, तोंड वाकडं करून करून माझा जबडा दुखायला लागला. बायको विचारते, झोपेतसुद्धा तोंडं काय करता.”

तेवढ्यात भिंगरी आली, दोन्ही हात कोपरापर्यंत खेकड्याच्या रश्श्याने भरलेले.

“इथे काय सभा भरलीय? तिकडे माझं लग्न आहे.”

“मी चाळीस माणसांना ते खायला घातलं असतं,” मी म्हटलं. “तुलाही. उद्या तू—”

“हो, घातलं असतंस.”

नाही ग, असं काही ती म्हणेल असं वाटलं होतं. ती तसं म्हणाली नाही.

“बंद बाटली लावली मी हाताला,” ती म्हणाली. “मला खात्री करायची होती. आणि तू मला तोंडावर सांगतेस, फुलांचं आहे! घरी जाईपर्यंत रडत होते मी.”

“तू हो म्हणालीस.”

“मग काय म्हणू? तुझा चेहरा बघितला होतास का तू? दगडासारखी बसली होतीस. म्हटलं, ओरडले तरी हिला ऐकू जाणार नाही. म्हणून काकांना गाठलं. सकाळी पुन्हा विचारलं, नक्की का. म्हटलं, आता तरी सांगेल.”

“मला सांगता आलं नाही.”

“ते कळलं.” तिने हात वर धरले होते, रस्सा कोपरावरून पायरीवर ठिबकत होता. “हे बघ, आज मी कोणावर रागावणार नाही. सासरहून आल्यावर रागावेन, चांगली तासभर रागावेन, तेव्हा घरी रहा. पण सोमवारी तू तुझ्या मॅडमना सांगायचंस. काकांनी नाही, मी नाही. तू.”

“नोकरी जाईल.”

“जाईल कदाचित.”

काका बांगड्याचे काटे काढत राहिले.

हात घाण म्हणून भिंगरीने मला कोपराने ढकलत आत नेलं. मी जागेवर बसले. काय वाटतंय ते शोधत होते, पण सापडत नव्हतं. तिने माझ्या ताटात अर्धा खेकडा टाकला.

“खा. कसा आहे ते मी सांगते.”

मी नांगी फोडली. कवच तडकल्याचं बोटांना कळलं. आतलं मांस अखंड निघालं, गरम, दोऱ्या दोऱ्यांचं. जिभेला मीठ कळलं आणि तिखट कळलं, बाकी काही नाही.

“गोड आहे,” ती कानाशी म्हणाली, स्वतः चघळत. “आधी गोड. मग जरा धुरकट. लिंबू जास्त झालंय, मावशीला सांगू नकोस.”

मग कोळंबी. “ही लसणीने मारलीय. पण मऊ आहे ना? मऊ तुला कळत असेल.” मऊ मला कळलं. मग मोठा मासा, वरची साल कुरकुरीत, खाली थर सुटे होणारे. “याला काही चव नाही खरं म्हणजे, याला नुसता ताजेपणा आहे,” ती म्हणाली. मग शिंपल्या. मी घेईना, तेव्हा तिने एक माझ्या ओठांशी धरली. “ही तू निवडलेलीच आहे. पहिल्या पिशवीतली.” मी खाल्ली. घसरून गेली, कोमट, थोडी वाळू दाताखाली आली.

असं दीड तास चाललं होतं. तिचं स्वतःचं जेवण गार झालं. दंतवैद्य समोरून बघत होता, मग त्यानेही सुरुवात केली, “मला विचाराल तर लिंबू बरोबर आहे,” आणि त्यावरून दोघांचं भांडण झालं, लग्नाआधीचं शेवटचं. मी तीन खेकडे खाल्ले. इतकं कित्येक आठवड्यांत खाल्लं नव्हतं. पोट भरल्याचं कळत होतं, आणि ते चांगलं वाटत होतं. हे मी खात्रीने लिहू शकते.

आई दारात उभी आहे, तयार होऊन. केस विंचरून देते म्हणते.

सोमवार, २३ मार्च

एकोणपन्नासावा दिवस.

पहिली बोट पावणेपाचला लागली. सुरीकाकांनी पेटी उघडली, कल्ला वर केला, हुंगलं. मी सवयीने वर बघितलं. तोंड हललं नाही, पण भिंत हलत नाही तसं. ते समुद्राकडे बघत होते.

“कसा आहे?” मी विचारलं.

“विचारलंस, बरं केलंस,” ते म्हणाले. “चांगला आहे. पण मॅडमकडे जाऊन आल्यावर विचार, तेव्हा आकडा सांगतो.”

डोळे नऊ. कल्ले नऊ. अंग आठ. चौथ्या रकान्यात मी लिहिलं, माहीत नाही. सही केली आणि फॉर्म घेऊन मॅडमच्या खोलीत गेले.

“इथे आकडा लिहितात,” त्या चष्मा वर करून म्हणाल्या.

मी सांगितलं. २ फेब्रुवारीपासून सगळं, काकांच्या तोंडाचंसुद्धा. ते फॉर्म काकांच्या नाकाचे आहेत, सही माझी आहे. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

“हे मला वर कळवावं लागेल. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. तोवर वासाचा आकडा सुरीकाका सांगतील, तू लिहायचास, आणि ते सांगतायत म्हणून फॉर्मवर नमूद करायचं.”

“हो.”

मी उठले. त्या फॉर्मकडे बघत होत्या.

“तुझे बाबा जानेवारीत गेले ना?”

“हो,” म्हटलं. “नऊ तारखेला.”

हे मी कोणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं असं नाही, डॉक्टरांनी विचारलं होतं. तारीख सांगून झाल्यावर मी तिथेच उभी राहिले, टेबलाला धरून. मॅडमनी फॉर्म माझ्यासमोरून ओढून घेतला, तोपर्यंत शेवटच्या रकान्यातली शाई फुटली होती.

“बर्फाचं पाणी का?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“नाही.”

त्यांनी खणातून कोरा फॉर्म काढून दिला. तो मी तिथेच उभ्याने भरला. डोळे नऊ, कल्ले नऊ, अंग आठ. चौथ्या रकान्यात दुसऱ्यांदाही तेच लिहिलं.